तगादा

कर्ज आणि तगादा ही जोडी आमच्याकडं लई जुनी. पेशवाईत सावकार ऋणकोच्या दारात धरणं धरून बसायचा. स्वतः जेवायचा नाही, घरातल्यांनाही जेवू द्यायचा नाही. चार लोकांत अब्रू जाते म्हटल्यावर माणूस वाकतो, हे त्याला पक्कं ठाऊक.

इंग्रजांनी कोर्टं आणली आणि धरण्याचं काम कागद करू लागला. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या खताचा दावा तीन वर्षांच्या आत लावायचा ठरलं. कुळाच्या सोयीचा कायदा, पण झालं उलटंच. मुदत भरत आली की सावकार नवं खत लिहून घेई, थकलेलं व्याज मुद्दलात घाली आणि खाली अंगठा उमटवून घेई. वाचता येत होतं कुणाला? त्यात 1865 ला अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव पडला, सारा मात्र वाढला. हुकूमनामा निघाला की घरदार लिलावात आणि कुळ अटकेत.

1874 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करड्यात एका सावकारानं हुकूमनाम्यात मिळालेलं घर पाडायला काढलं. गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. पुढं 12 मे 1875 ला आमच्या भीमथडीतलं सुपं उठलं. लोकांनी खतं मागितली आणि जाळली. खतं निमूट मिळाली तिथं सहसा माणसावर हात पडला नाही. दुकानं लुटली ते वाईटच झालं, आणि त्याची किंमतही भरावी लागली. पुणे-नगर मिळून 951 जण पकडले गेले. पण आपलं दुखणं कागदात आहे, हे त्या निरक्षर माणसांनी बरोबर ओळखलं होतं.

सरकारनं चौकशी नेमली आणि 1879 ला शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. खतावरचा आकडा खरा धरून न चालता मूळ कर्ज किती होतं, हे कोर्टानं तपासायचं. पैसे दिले की पावती, मागितला की हिशेब. आणि कर्जापायी शेतकऱ्याला अटक नाही. देणं लागणं हा गुन्हा नव्हे, हे तेव्हा कागदावर आलं.

मागल्या साली आमच्या भावकीतल्या पोराचे ट्रॅक्टरचे हप्ते थकले. वसुलीवाले रात्री दहाला फोन करायचे, त्याच्या सासऱ्यालाही शिव्या घालायचे. पोरगं जेवेना. धरणंच की हे, फक्त फोनवरचं! आम्ही बसून त्याला अर्ज लिहून दिला: देणं मान्य आहे, थकबाकीचा हिशेब लेखी द्या, कुणी दारात आलं तर ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र दाखवा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2022 मध्ये बजावलंय की वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचा नाही, दमदाटी करायची नाही, घरच्यांना नि मित्रांना त्रास द्यायचा नाही. तेही अर्जात घातलं. अर्ज गेल्यावर रात्रीचे फोन थांबले. हप्ते तो अजून फेडतोय, ते फेडायलाच पाहिजेत.

बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, पैसा लागत नाही. गावातला बिनपरवाना सावकार असेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडं जावं. अंगावर आले तर पोलीस आहेत.

सुप्याच्या लोकांनी कागद जाळला, कारण तो त्यांना वाचता येत नव्हता. आपल्याला येतो. तेव्हा पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा, फोनची तारीख-वेळ वहीत टिपा, आणि तगाद्यापायी कुणी जिवाचं बरंवाईट करू नका. देणं पैशाचं असतं, जिवाचं नव्हे.