परदेशात शाळाप्रवेश: आधी लसीकरण कार्ड काढा

नोकरीनिमित्त सहकुटुंब अमेरिकेला निघालात, तर शाळा शोधतानाच मुलाचे लसीकरण कार्ड डॉक्टरांना दाखवा. तिथे शाळाप्रवेशासाठी लसींची नोंद मागतात. यादी राज्यागणिक थोडी बदलते. माझ्याकडे गडहिंग्लजमध्ये बरेच पालक तिकिटे काढून झाल्यावर येतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

सरकारी दवाखान्यात सगळ्या लसी वेळेवर घेतल्या, तरी काही कमी पडतात. आपली एमआर लस गोवर-रुबेलाची. गालगुंडासाठी एमएमआर लागते. शिवाय नवव्या महिन्यातला डोस तिकडे धरत नाहीत, वर्ष पूर्ण झाल्यानंतरचाच धरतात. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही. लहान मुलांत तिच्या दोन डोसांत ३ महिन्यांचे अंतर ठेवतात, म्हणून व्हिसाची वाट न बघता सुरुवात करा.

बीसीजीमुळे टीबीची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. घाबरू नका, बीसीजीचा परिणाम न होणारी ‘इग्रा’ ही रक्ततपासणी करता येते का, ते तिथल्या डॉक्टरांना विचारा.

नोंद इंग्रजीत, सही-शिक्क्यासह घ्या आणि महिना अक्षरात लिहायला सांगा. आपला ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट, तिकडे तो ८ मे होतो. कार्ड हरवले असेल, तर उपकेंद्रातल्या सिस्टरांच्या रजिस्टरमध्ये नोंद मिळते का, आधी बघा.