सेमिनारमध्ये कोण बसलं होतं?

तुमच्या फोनमधल्या एआरएम प्रोसेसरची वंशावळ मागे नेत गेलात, तर वाटेत एक विद्यापीठातला वर्ग लागतो. १९८० साली बर्कलीत डेव्हिड पॅटरसन यांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासक्रम-मालिका सुरू केली. त्यातून निघालेली चिप म्हणजे 'रिस्क-१'.

त्या काळी मान होता डेकच्या व्हॅक्सला. त्याच्याकडे तीनशेच्या आसपास सूचना होत्या, काही तर भलत्याच गुंतागुंतीच्या. बर्कलीच्या गटाने सी आणि पास्कलमधले प्रोग्रॅम तपासले, तेव्हा दिसलं की कंपायलर साध्यासुध्या सूचनांवरच भागवतो. जास्त वेळ जातो तो एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावण्यात. दर वेळी रजिस्टरमधला ऐवज मेमरीत ठेवायचा आणि परत आणायचा. म्हणून त्यांनी सूचना ३१ वर आणल्या आणि वाचलेली जागा रजिस्टरांना दिली. प्रत्येक फंक्शनला रजिस्टरांची स्वतःची खिडकी, आणि शेजारच्या दोन खिडक्यांचा काही भाग सामाईक, म्हणजे माहिती हलवायलाच नको. यालाच 'रजिस्टर विंडो' म्हणतात.

जवळच स्टॅनफर्डला १९८१ मध्ये जॉन हेनेसी यांच्या सेमिनारमधून 'मिप्स' उभा राहिला. प्रश्न तोच, उत्तर मात्र उलटं. रजिस्टर मोजकेच ठेवा. कुठलं मूल्य कुठे राहील ते कंपायलर ठरवेल. सूचनांचा क्रम लावून एकमेकींची वाट अडू न देणं हेही कंपायलरचंच काम. फ्रेड चाऊ आणि थॉमस ग्रॉस या विद्यार्थ्यांचे प्रबंध नेमके या दोन कामांवर आहेत.

हा फरक तत्त्वाचा होता असं वाटतं ना? पॅटरसन यांनी १९८५च्या लेखात कारण सरळ सांगून टाकलं आहे: बर्कलीच्या चमूत कंपायलरचे जाणकार नव्हते, म्हणून तोडगा हार्डवेअरमध्ये काढला. हेनेसी मूळचे कंपायलरवालेच. संशोधन-लेखांत असं वाक्य क्वचितच सापडतं. आम्ही सगळे आमचे निर्णय आकडेवारीतून आपोआप निघाल्यासारखे लिहितो. टेबलाभोवती कोण होतं आणि कोण नव्हतं, ते गाळतो.

पुढे सनने १९८७ मध्ये 'स्पार्क'मध्ये खिडक्या घेतल्या, आणि त्या अनेक वर्षं टिकल्या. केंब्रिजच्या एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी बर्कलीचं लेखन वाचून एआरएम घडवला, पण खिडक्या चिपवर फार जागा खातात म्हणून सोडून दिल्या. रजिस्टर वाटपाचं चाऊ आणि आयबीएमच्या चेटिन यांचं तंत्र मात्र पाठ्यपुस्तकांत गेलं आणि कंपायलरच्या रोजच्या कामातलं झालं.

२०१० मध्ये बर्कलीतच क्रस्ते असानोविच आणि अँड्र्यू वॉटरमन, युनसप ली हे विद्यार्थी नवी सूचनावली आखायला बसले, सोबत पॅटरसनही होते. तिचं नाव 'रिस्क-फाइव्ह', म्हणजे बर्कलीच्या रिस्क घराण्यातली पाचवी पिढी. तिच्यात रजिस्टर विंडो नाहीत.