मारिनस, टायरचा

(इ. स. पहिल्या शतकाचा उत्तरार्ध – दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध). ग्रीक भाषेत लेखन करणारा भूगोलवेत्ता व नकाशाकार. फिनिशियातील टायर (सांप्रतच्या लेबाननमधील सूर) या बंदराचा तो रहिवासी. त्याचा एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. अलेक्झांड्रियाचा खगोलज्ञ व भूगोलज्ञ क्लॉडिअस टॉलेमी (इ. स. सु. १००–१७०) याने आपल्या भूगोलग्रंथाच्या पहिल्या भागात मारिनसची मते उद्‌धृत करून त्यांचे खंडन केले आहे. मारिनसविषयीची बहुतेक सर्व माहिती या खंडनातूनच मिळते. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाशीही त्याचा संबंध पोहोचतो. चौल बंदराचा त्याने केलेला उल्लेख टॉलेमीमुळे टिकला असून, ज्या टॉलेमीच्या यादीवरून कोल्हापूरच्या एका प्राचीन राजाचा काळ ठरविण्यात येतो, त्या यादीच्या मुळाशीही मारिनसचाच ग्रंथ असण्याची शक्यता आहे.

मारिनसच्या चरित्राविषयी माहिती मिळत नाही. टॉलेमी त्याला आपल्या काळातील सर्वांत अलीकडचा भूगोललेखक म्हणतो. ट्रेजन बादशहाच्या (कार. ९८–११७) डेशियातील युद्धांपर्यंतची माहिती मारिनसला होती, पण त्याच्या पार्थियावरील स्वारीची (११४–११७) नव्हती, असे अनुमान अभ्यासकांनी काढले आहे. त्यावरून मारिनसचे अखेरचे लेखन सर्वसाधारणपणे इ. स. ११० च्या सुमाराचे मानतात. जगाच्या नकाशाची दुरुस्ती हा त्याच्या ग्रंथाचा विषय होता. त्याच्या त्याने अनेक सुधारित आवृत्त्या काढल्या, मात्र शेवटच्या आवृत्तीबरोबर नकाशा तयार झालाच नाही, असे टॉलेमी सांगतो.

कार्य : स्थळांची जागा अक्षांश व रेखांश यांनी निश्चित करण्याची कल्पना मारिनसच्या पूर्वीची असली, तरी तिचा ज्ञात जगाच्या संपूर्ण नकाशाला पद्धतशीर अवलंब करणाऱ्या पहिल्या काही ग्रंथकारांत त्याची गणना होते. पश्चिमेकडील ‘सुखद्वीपां’पासून (कानेरी बेटे) त्याने रेखांशांची गणना सुरू केली. अक्षवृत्ते व रेखावृत्ते त्याने सरळ व परस्परांना काटकोनात छेदणाऱ्या रेषांनी दाखविली. रोड्झ बेटावरून जाणाऱ्या ३६° अक्षवृत्तावर रेखांशाचा एक अंश ४०० स्टेडियमांचा व विषुववृत्तावर ५०० स्टेडियमांचा धरून त्याने आपल्या जाळ्याचे प्रमाण ठरविले. रोड्झच्या वृत्तावर हे प्रमाण जुळते. त्याच्या उत्तरेस व दक्षिणेस मात्र अंतरे विपर्यस्त होतात. हा दोष टॉलेमीने दाखविला आणि तो टाळण्यासाठी वक्ररेषांचा वापर करणारी निराळी प्रक्षेपणे सुचविली.

दूरच्या देशांविषयी मारिनसने प्रवासी व व्यापारी यांच्या वृत्तांतांचा आधार घेतला. मेईस टिटिएनस या मॅसिडोनियन व्यापाऱ्याने आपले हस्तक रेशमाच्या देशाकडे धाडले होते. ‘पाषाण-मनोऱ्या’पासून सेरा या चिनी राजधानीपर्यंतचा प्रवास सात महिन्यांचा, हे त्यांचे कथन मारिनसने स्वीकारले व त्यावरून ३६,२०० स्टेडियम हे अंतर काढले. अलेक्झांडर नावाच्या प्रवाशाकडून सुवर्णद्वीपकल्पाच्या (मलाया) पलीकडील कॅट्टिगारा या बंदराची माहिती त्याला मिळाली. हिंदुस्थानच्या सफरीवरून परतताना वाऱ्यामुळे आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे ढकलला गेलेला डायोजीनिस हाही त्याचा एक साक्षीदार होय. या सर्व माहितीच्या आधारे ज्ञात जगाची पूर्व-पश्चिम लांबी त्याने २२५° ठरविली. वाटेतील वळणे व मुक्काम लक्षात घेऊन टॉलेमीने चीनच्या वाटेचे अंतर निम्म्यावर आणले आणि एकूण लांबी १८०° धरली. प्रत्यक्षात टॉलेमीचा आकडाही बराच मोठा आहे.

व्यापाऱ्यांना सत्यशोधनाची आस्था नसते व ते बढाईपोटी अंतरे फुगवून सांगतात, हे खुद्द मारिनसचेच मत टॉलेमीने नोंदविले आहे आणि तेच त्याच्याविरुद्ध वापरले आहे. अवतरणांतून उरलेल्या ग्रंथकाराच्या बाबतीत हा धोका नेहमीचाच आहे. टॉलेमीने दुरुस्तीची गरज वाटली तेवढ्याच गोष्टी मारिनसच्या नावावर सांगितल्या. जे त्याला मान्य होते, ते त्याने आपल्या ग्रंथात समाविष्ट केले व तेथे मारिनसचे नाव उरले नाही. परिणामी मारिनसच्या चुका त्याच्या नावाने, तर त्याचे अचूक काम बहुधा टॉलेमीच्या नावाने प्रसिद्ध आहे. मारिनसच्या ग्रंथात माहिती विपुल असून आपण तिला प्रमाण मानतो व आवश्यक तेथेच फेरफार करतो, अशी कबुली टॉलेमीने दिली असल्यामुळे या उसनवारीची व्याप्ती मोठी असली पाहिजे.

खोडून काढलेले मतही ग्रंथात टिकून राहते, याचे उदाहरण मारिनसच्याच बाबतीत सापडते. टॉलेमीच्या भूगोलाचे लॅटिन भाषांतर पंधराव्या शतकाच्या प्रारंभी फ्लॉरेन्समध्ये झाले. पश्चिमेकडून आशिया गाठू पाहणाऱ्या क्रिस्तोफर कोलंबसने टॉलेमीच्या १८०° ऐवजी त्याने नाकारलेला २२५° हा मारिनसचा आकडा ग्राह्य धरला. जमिनीचा विस्तार जितका मोठा, तितका उरलेला समुद्र लहान, हे त्यामागील गणित होते. १४९२ च्या सफरीमागील हिशेबात लुप्त ग्रंथातील या आकड्याचा असा वाटा होता.

चौल बंदर : मारिनसने सिमिल्ला या हिंदी बंदराचे स्थान कन्याकुमारीच्याच नव्हे, तर सिंधू नदीच्याही पश्चिमेस दाखविले होते, असे टॉलेमी सांगतो. तेथे जाऊन दीर्घकाळ राहिलेले व तेथून आलेले लोक मात्र हे बंदर सिंधूच्या मुखांच्या केवळ दक्षिणेस असल्याचे व तेथील रहिवासी त्याला ‘तिमूल’ म्हणत असल्याचे सांगतात, अशी पुस्ती त्याने जोडली आहे. सिमिल्ला म्हणजे रायगड जिल्ह्यातील चौल. कान्हेरीच्या कोरीव लेखांत त्याचे नाव ‘चेमुल’ असे येते व टॉलेमीने दिलेले स्थानिक नाव त्याच्याशी जुळते. मारिनसचे विधान व त्याची दुरुस्ती शेजारीशेजारी दिलेली असल्यामुळे कोणती माहिती कोणाची, हे येथे निःसंदिग्धपणे कळते. अशी सोय अन्यत्र क्वचितच आहे.

कोल्हापूरचा प्रश्न : टॉलेमीच्या सातव्या भागात हिंदुस्थानातील स्थळांची यादी असून तीत काही राजधान्या त्यांच्या राजांच्या नावांसह येतात. ओझीन (उज्जैन) ही टिआस्टानीसची, बैथान (पैठण) ही सिरो-पोलेमाइऑसची व हिप्पोकुरा ही बालेओकुरोसची राजधानी होय, असे तेथे म्हटले आहे. पहिले दोन राजे म्हणजे क्षत्रप चष्टन व सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी, हे सर्वमान्य आहे. बालेओकुरोस म्हणजे कोल्हापूर येथे सापडलेल्या नाण्यांवरील ‘विळिवायकुर’ होय, असे रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी प्रतिपादन केले व ते बहुतेकांनी स्वीकारले.

ही नाणी मुख्यतः शिशाची व मिश्रधातूची असून त्यांवर धनुष्यबाण व चैत्य ही चिन्हे आढळतात. वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर व गौतमीपुत्र विळिवायकुर अशी तीन राजांची नावे त्यांवर आहेत. एकाच्या नाण्यावर दुसऱ्याने आपला छाप मारल्याची उदाहरणे मिळाल्यामुळे त्यांचा क्रमही याप्रमाणेच लावतात. हे राजे सातवाहनांचे मांडलिक होते की स्वतंत्र, याविषयी मतभेद आहेत. विळिवायकुर नावाचे दोन राजे असल्याने टॉलेमीचा बालेओकुरोस त्यांपैकी कोणता, हेही निश्चित सांगता येत नाही.

हिप्पोकुरा म्हणजेच कोल्हापूर, असे काहींचे मत असले, तरी ते निर्विवाद नाही. टॉलेमीच्या यादीत या नावाचे एक गाव सिमिल्लाजवळ किनाऱ्यावर व दुसरे अंतर्भागात आहे. त्याच्या नकाशात हिंदुस्थानचा पश्चिम किनारा जवळजवळ पूर्व-पश्चिम पसरलेला असल्यामुळे त्याने दिलेल्या अंशांवरून दख्खनमधील स्थळ ओळखणे शक्य होत नाही. द्वीपकल्पाचा हा विपर्यास मारिनसचा किती व टॉलेमीचा किती, हेही वेगळे करता येत नाही.

कोल्हापूरच्या प्राचीन वैभवाचा पुरावा मात्र या ओळखीवर अवलंबून नाही. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी डेक्कन कॉलेजतर्फे केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे व विटांच्या घरांचे अवशेष मिळाले. त्याच टेकडीवर त्यापूर्वी मिळालेल्या ब्राँझच्या वस्तूंत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहान मूर्ती व रोमन बनावटीची भांडी होती. ही मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. सह्याद्रीच्या घाटांवरून किनाऱ्याशी चालणाऱ्या व्यापाराची ती साक्ष होय. मारिनसला माहिती पुरविणारे व्यापारी ज्या सागरी मार्गांनी येत-जात असत, त्यांचा शेवट किनाऱ्यावरील बंदरांत होत नव्हता, हे यावरून दिसते.

कालनिर्णय : टॉलेमीने तीन राजांची नावे एकत्र दिल्यामुळे ते समकालीन होते असे मानून सातवाहनांच्या कालक्रमाची मांडणी करण्यात आली. टॉलेमीचा ग्रंथ इ. स. १५० च्या सुमाराचा आणि कच्छमधील अंधौ येथील लेखांत चष्टनाचे नाव शक ५२ (इ. स. १३०) मध्ये आढळते, म्हणून हे तिघे इ. स. १३० च्या आसपासचे, असा हा युक्तिवाद होय. त्यात ही माहिती टॉलेमीच्या स्वतःच्या काळची असल्याचे गृहीत धरले आहे. ती त्याने मारिनसकडून जशीच्या तशी उचलली असेल, तर ती एका पिढीने मागे जाते. अंधौ येथीलच एका लेखात चष्टनाचा उल्लेख वर्ष ११ मध्ये येतो. हे वर्ष शकाचे धरल्यास तो इ. स. ८९ मध्येही सत्तेवर होता, म्हणजेच तो मारिनसचाही समकालीन ठरतो. काही नाणकशास्त्रज्ञ पुळुमावीची कारकीर्दही पहिल्या शतकाच्या अखेरीपासून सुरू झाल्याचे मानतात. त्यामुळे विळिवायकुराचा काळ ठरविताना टॉलेमीच्या ग्रंथाची तारीख थेट लावण्याऐवजी नाण्यांचे छाप व उत्खननातील स्तर यांना अधिक महत्त्व देणे युक्त ठरते.

भारतीय परंपरेतही लुप्त ग्रंथ अवतरणरूपाने टिकल्याची उदाहरणे आहेत. कात्यायनस्मृती मूळ रूपात उपलब्ध नाही. परंतु मिताक्षरा, कोकणच्या शिलाहार राजा अपरादित्याची टीका व स्मृतिचंद्रिका अशा ग्रंथांतील अवतरणे गोळा करून पांडुरंग वामन काणे यांनी तिचा व्यवहारविषयक भाग १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. टीकाकारांनी कात्यायनाला प्रमाण म्हणून उद्‌धृत केल्यामुळे त्याचे शब्द व नाव ही दोन्ही टिकली. टॉलेमीने मारिनसला मुख्यतः दोष दाखविण्यासाठी उद्‌धृत केले. म्हणून त्याच्या ग्रंथाची अशी पुनर्रचना होऊ शकत नाही.

मारिनसचा नकाशा पाहिल्याचे अरब ग्रंथकार अल्-मसूदी (मृ. ९५६) याने लिहिले आहे. त्याने पाहिलेला नकाशा मूळचा होता की नंतरचा, हे ठरविण्याचे साधन नाही. हा मसूदी इ. स. ९१६-१७ मध्ये सैमूर येथे येऊन गेला होता. सैमूर म्हणजे चौल, मारिनसने सिंधूच्या पश्चिमेस दाखविलेले सिमिल्ला. मसूदीनंतर मारिनसचा नकाशा वा ग्रंथ प्रत्यक्ष पाहिल्याची विश्वसनीय नोंद मिळत नाही.