चार दिवसांची शाळा

अमेरिकेतील अनेक लहान गावांत आता शाळा आठवड्यातून चारच दिवस भरते. सोमवार किंवा शुक्रवार सुट्टीचा असतो आणि त्याची भरपाई म्हणून उरलेल्या दिवशी शाळा जवळपास तासभर उशिरा सुटते. २०१८-१९ पर्यंत २४ राज्यांतील १,६०० हून अधिक शाळांनी ही पद्धत स्वीकारली होती.

कल्पना जुनी आहे. साउथ डाकोटात १९३० च्या दशकात असे प्रयोग झाले. १९७३ च्या तेलटंचाईत न्यू मेक्सिकोतील सिमारॉनच्या शाळांनी इंधन वाचवण्यासाठी एक दिवस कमी केला. पण खरी वाट मोकळी केली ती कायद्याने. शाळेचे वर्ष दिवसांऐवजी तासांत मोजण्याची मुभा कोलोरॅडोसारख्या राज्यांनी दिली आणि तास भरले की दिवस किती, हा प्रश्नच उरला नाही.

या बदलाचे पहिले समर्थन नेहमी पैशाचे असते. बस, वीज, भोजनगृह यांचा एका दिवसाचा खर्च वाचतो, हे खरे. परंतु शाळेच्या अंदाजपत्रकात सर्वांत मोठा वाटा वेतनाचा असतो आणि शिक्षकांचे वेतन तेवढेच राहते. धोरण अभ्यासक मायकेल ग्रिफिथ यांनी २०११ मध्ये केलेल्या हिशेबानुसार बचतीची कमाल मर्यादा ५.४३ टक्के होती; प्रत्यक्षात पाहिलेल्या जिल्ह्यांत ती ०.४ ते २.५ टक्केच भरली. एवढ्यासाठी मुलांचा आठवडा बदलावा काय, असा प्रश्न पडतो.

म्हणूनच अलीकडे भर असतो तो शिक्षक मिळवण्यावर. पगार वाढवता येत नसेल तर सुट्टी द्यावी, असा हा सौदा. डेन्व्हरजवळच्या ब्रायटन येथील शालेय जिल्ह्याने करवाढीला मतदारांनी नकार दिल्यानंतर २०१८ मध्ये सोमवार बंद केला. ज्या पालकांना सोमवारी कामावर जावेच लागे, त्यांच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय झाली, पण रोज ३० डॉलर घेऊन. शाळेने वाचवलेला पैसा असा पालकांच्या खिशातून जातो. शाळेतील जेवणावर अवलंबून असलेल्या घरांत तर प्रश्न त्याहून बिकट. मिसुरीतील इंडिपेन्डन्सने २०२३ मध्ये हीच वाट धरली. पुढच्याच वर्षी त्या राज्याने मोठ्या शहरांतील जिल्ह्यांना असा बदल करण्यापूर्वी मतदारांची संमती बंधनकारक केली.

अभ्यासाचे काय? ओरेगॉनमधील तिसरी ते आठवीच्या निकालांवरून अर्थतज्ज्ञ पॉल थॉम्पसन यांना गणित व वाचनात घसरण आढळली. तिचे मुख्य कारण सुट्टी नव्हे, तर अध्यापनाचे घटलेले तास. जेथे तास जपले गेले, तेथे नुकसान कमी दिसते.

महाराष्ट्रात राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा शाळा त्यातून वगळल्या गेल्या. चार दिवस तर येथे गणितातच बसत नाहीत. शिक्षण हक्क कायदा, २००९ तास आणि दिवस दोन्ही मोजतो. पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास. चार दिवसांच्या आठवड्याने २२० दिवस भरायचे तर ५५ आठवड्यांचे वर्ष लागेल. हे प्रमाण कायद्याच्या परिशिष्टात आहे आणि ते अधिसूचनेद्वारे बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे.