फॅन बेल्ट : ज्यात फॅनच उरला नाही

आजची गोष्ट रबराच्या एका पट्ट्याची. ऐकून बरेच जण स्किप करणार, माहितीये मला. पण थांबा जरा, कारण या पट्ट्यानं मला आणि माझ्या बाबांना कसारा घाटात भर पावसात उभं केलंय. आणि चूक अशी की बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जुनं होतं.

झालं असं. सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिक म्हणाला, ‘बेल्ट बदलून घ्या.’ मी बाबांना विचारलं. बाबांनी आयुष्यभर प्रीमियर पद्मिनी चालवली, त्यामुळे गाडीच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी बॉनेट उघडलं, पट्टा बोटांनी पिळून पाहिला आणि म्हणाले, ‘अरे, एक चीर नाही. अजून दोन वर्षं जाईल. हे लोक उगाच बिल वाढवतात.’ संपला विषय. पुढे पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की ‘चीईई’ असा आवाज यायला लागला. मी त्यावर पाणी शिंपडलं, आवाज क्षणभर थांबला, मी खूश. तो परत आला, पण तोवर मी रेडिओ लावला होता.

आता इतिहास. सुरुवातीच्या मोटारींत चपटा चामडी पट्टा असायचा. फोर्ड मॉडेल टी घ्या, १९०८ ची. तिच्या पट्ट्याला काम एकच, रेडिएटरमागचा पंखा फिरवणं. बहुतेक मॉडेल टींना पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. गरम पाणी वर चढतं, थंड खाली येतं, तेवढ्यावर भागायचं. म्हणून नाव पडलं फॅन बेल्ट. पण चामडं ओलं झालं की घसरतं आणि ताणलं की सैल पडतं.

१९१७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला जॉन गेट्स यांनी रबर आणि धाग्यांचा, इंग्रजी व्ही आकाराचा पट्टा बनवला. कल्पना साधी, पण भारी. दारात पाचर ठोकतो ना आपण? तसंच. ओढ वाढली की पट्टा पुलीच्या खाचेत आणखी घट्ट बसतो. चपटा पट्टा फक्त पृष्ठभागावर टेकलेला असतो, हा दोन्ही बाजूंनी पकडतो.

मग या पट्ट्याच्या गळ्यात एकेक काम पडत गेलं. पाण्याचा पंप, डायनॅमो, आणि १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियलमध्ये पॉवर स्टीअरिंगही. माझा सगळ्यात आवडता किस्सा पॅकार्डचा. १९४० च्या मॉडेलमध्ये पॅकार्डनं कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली, पण कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. म्हणजे एसी बंद करायचा तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा! आणि आपण बटण दाबायला कंटाळतो.

रबरही बदललं. नैसर्गिक रबर इंजिनाच्या उष्णतेत आणि तेलात टिकत नाही. ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटात १९३० साली निओप्रीन तयार झालं आणि पुढे पट्टे त्याचेच बनू लागले. आता गंमत बघा. जुन्या ड्रायव्हरांचा एक जुगाड प्रसिद्ध आहे, पट्टा तुटला तर बाईचा नायलॉनचा मोजा पिळून पुलीवर बांधायचा. ते नायलॉनही ड्युपाँटमध्येच, कॅरोदर्स यांच्याच गटातून १९३५ मध्ये आलं. म्हणजे पट्टा आणि पट्ट्याची स्टेपनी, दोन्ही एकाच प्रयोगशाळेतली पोरं.

निओप्रीनचा स्वभाव असा की ते म्हातारं झालं की भेगाळतं. म्हणून जगभरच्या मिस्त्रींचा नियम ठरला : पट्टा पिळा, चिरा मोजा. बाबांचं शिक्षण इथलं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या त्या फियाटवर तो नियम शंभर टक्के लागू होता. ताण बघायचा तर मधोमध अंगठ्यानं दाबायचं. साधारण बोटाच्या जाडीइतका दबला तर ठीक. सैल असेल तर डायनॅमोचे बोल्ट ढिले करायचे, टॉमीनं रेटा द्यायचा, परत आवळायचे. पाना घेऊन कुणीही करावं असं काम.

१९७३ चं तेलसंकट आलं आणि अमेरिकेनं १९७५ मध्ये गाड्यांच्या मायलेजचा कायदा केला. कंपन्या प्रत्येक थेंब वाचवायला लागल्या. तीन-चार जाड पट्ट्यांऐवजी एकच पातळ, लांब, आतून उभ्या खाचांचा पट्टा आला. सापासारखा सगळ्या पुलींमधून वळत जातो म्हणून सर्पेंटाइन. १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये तो आला. स्प्रिंगचा टेन्शनर ताण आपोआप धरून ठेवतो. तोटा उघड आहे. एक पट्टा गेला की सगळंच गेलं.

त्याच काळात इंजिनं आडवी बसायला लागली आणि पंखा विजेवर गेला. मारुती ८०० मध्ये पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवायचा, पंखा नाही. पण गॅरेजमध्ये आजही म्हणतात काय? फॅन बेल्ट!

आणि मग तो बदल, ज्यानं आमचा घात केला. १९९० च्या दशकाच्या शेवटी पट्ट्यांसाठी ईपीडीएम नावाचं रबर वापरात येऊ लागलं. ते सहसा भेगाळत नाही. टायरसारखं झिजतं. खाचा खोल होत जातात, पट्टा पुलीच्या तळाला टेकतो आणि घसरतो. वरून बघाल तर अगदी गुळगुळीत, काळाकुळकुळीत, तरुण. लाखभर किलोमीटर झालेला पट्टा चिरा मोजून पास करणं म्हणजे टायरची नक्षी न बघता फक्त हवा तपासण्यासारखं आहे.

घाटात आधी बॅटरीचा लाल दिवा लागला. मग स्टीअरिंग दगडासारखं जड झालं. बाबा ओरडले, ‘थांब, इंजिन बंद कर आधी!’ हे मात्र त्यांचं जुनं ज्ञान सोन्यासारखं होतं. पाण्याचा पंप थांबलेला असताना आणखी दोन किलोमीटर ओढली असती, तर हेड गॅस्केट गेलं असतं.

टो करून इगतपुरीला आणली. तिथल्या मिस्त्रीनं खालून पट्टा ओढून काढला. एक कड पूर्ण कुरतडलेली. त्यानं लगेच नवा चढवला नाही. प्रत्येक पुली हातानं फिरवली. आयडलर पुलीचं बेअरिंग खरखरत होतं आणि ती डगमगत होती, म्हणून पट्टा तिरका चालत होता. माझ्या त्या पाण्याच्या प्रयोगाचा अर्थ हाच होता. पाण्यानं आवाज थांबून परत आला तर पुली रेषेत नाही, आणि पाण्यानं आवाज वाढला तर पट्टा घसरतोय, ताण कमी आहे.

नवा पट्टा घेताना मागचा नंबर जुळवला. ६पीके१२३० असं काही लिहिलेलं असतं : ६ खाचांच्या पट्ट्या, पीके हा आकार, १२३० मिलिमीटर लांबी. बॉनेटखालच्या स्टिकरवरचा मार्ग बघून त्यानं पट्टा गुंडाळला, लांब पान्यानं टेन्शनर मागे ओढला, शेवटच्या पुलीवर चढवला. मग प्रत्येक खाच नीट बसलीय का, बोट फिरवून बघितलं. वीस मिनिटांचं काम. तुम्ही घरी करणार असाल तर इंजिन बंद आणि गार हवं, चावी खिशात, आणि काढण्याआधी मोबाईलवर फोटो. हो, आणि हा टायमिंग बेल्ट नव्हे हं. तो आत झाकलेला असतो, त्याला घरी हात लावू नका.

बाबा स्टुलावर बसून जुना पट्टा पिळत होते. ‘चीर नाहीये पण,’ असं दोनदा म्हणाले. मिस्त्री हसला. ‘काका, आताचे फाटत नाहीत, झिजतात,’ म्हणत त्यानं नवा आणि जुना तुकडा शेजारी धरला. बाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि मला म्हणाले, ‘टॉर्च मार रे इकडे. खाच नीट बघू दे.’