तसबिरीचा मान : भेट दिलेल्या व्यक्तिचित्रांविषयी

आमच्या विभागातील ज्येष्ठ प्राध्यापक निवृत्त होणार होते. शाल-श्रीफळ तर द्यायचेच होते. पण एकतीस वर्षे ज्यांनी मराठी शिकवले त्यांना आणखी काही द्यावे असे सर्वांना वाटत होते. एकाने सुचवले, की एखाद्या चित्रकाराकडून सरांचे पेन्सिलीने काढलेले व्यक्तिचित्र करून घ्यावे. कल्पना सर्वांना पटली आणि तिथूनच वादाला तोंड फुटले. छायाचित्र कोणते द्यायचे? काळ्याभोर केसांचे की अलीकडचे? चष्मा ठेवायचा की काढायचा? आणि सरांना न सांगता हे करावे, की त्यांना विचारून? चेहरा सरांचा, पैसे आमचे, हात चित्रकाराचा. मग चित्रातला माणूस ठरवायचा कोणी?

प्रश्न घरगुती दिसतो, पण इतिहासात तो बराच मागे जातो. मागवून घेतलेले व्यक्तिचित्र भेट म्हणून देणे ही कृती आपल्याकडच्या दरबारांनी आणि विलायतेतून आलेल्या पाहुण्यांनी वेगवेगळ्या अर्थांनी केली. त्या अर्थांची गल्लत झाली तेव्हा पैसा, प्रतिष्ठा आणि सत्ता या तिन्ही गोष्टी पणाला लागल्या.

जहांगीर बादशहाने १६१३ मध्ये खान आलम याला इराणच्या शाह अब्बासकडे वकील म्हणून पाठवले, तेव्हा सोबत बिशनदास हा चितारी दिला. शाहाची हुबेहूब शबीह काढून आणणे हे त्याचे काम. बिशनदास परतल्यावर बादशहाने ती चित्रे शाहाला प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना दाखवली. त्यांनी साम्याची ग्वाही दिली आणि चितार्‍याला हत्ती बक्षीस मिळाला. येथे सारूप्याची परीक्षा झाली हे लक्षात घेण्याजोगे आहे. याच जहांगीराने आपली छोटी तसबीर निवडक निष्ठावंतांना दिली. ती पागोट्यावर किंवा गळ्यात मिरवायची असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो यालाही अशी तसबीर सोन्याच्या साखळीसह मिळाली. रोच्या लेखी तो सन्मान होता. दरबाराच्या लेखी मात्र ती घेणारा बादशहाच्या छत्राखाली आला. खिलतीचे वस्त्र अंगावर घेतल्याने जे घडे, तेच तसबीर धारण केल्यानेही घडत होते. देणारा वर आणि घेणारा खाली, हा त्यातला व्यवहार.

युरोपातील रीत निराळी. तेथे राजेराजवाडे आपली व्यक्तिचित्रे परस्परांना पाठवीत, स्नेही स्नेह्यांना देत. त्यात बरोबरीचे नाते गृहीत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन रीती समोरासमोर आल्या आणि त्याला निमित्त झाला एक कायदा. १७७३च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने कंपनीच्या नोकरांना एतद्देशीय सत्ताधीशांकडून भेटी-नजराणे घेण्यास मनाई केली. परंतु नजराण्याशिवाय भेट हे आपल्याकडे जवळजवळ अशक्यच होते. रिकाम्या हाताने येणारा एकतर शत्रू, नाहीतर अडाणी. मग रत्ने, हत्ती, पोशाख यांची जागा कशाने भरायची? वॉरन हेस्टिंग्जच्या काळात त्याचे एक उत्तर विलायती चित्रकारांनी काढलेल्या व्यक्तिचित्रात शोधले गेले. चित्राला बाजारभाव फारसा नाही, म्हणून ते लाच ठरत नाही. आणि भेट म्हणून ते उणेही दिसत नाही.

युक्ती चतुर होती, पण तिचा भार पडला तो नवाबांवर. चित्रकाराची बिदागी चित्रात दिसणार्‍यानेच द्यायची होती. योहान झोफनी १७८४ मध्ये लखनौला पोहोचला आणि त्याने नवाब आसफउद्दौलाचे व्यक्तिचित्र केले. त्यातील एका चित्राच्या मागील नोंदीनुसार ते नवाबाच्या हुकुमाने काढले गेले आणि नवाबाने ते आपल्या पदरच्या एका इंग्रज डॉक्टरला देऊन टाकले. ही नोंद आम्हांला फार बोलकी वाटते. चित्र मागवायला लावले विलायती रीतीने, पण नवाबाने ते वाटले दरबारी रीतीने, म्हणजे धन्याने सेवकाला द्यावे तसे. दोन वर्षांनी, १७८६ मध्ये, ओझायस हम्फ्री हा लघुचित्रकार त्याच दरबारी गेला. त्याने चित्रे काढली, पण बिदागी त्याच्या पदरात पूर्ण पडलीच नाही. शेवटी त्याने हंगामी गव्हर्नर जनरल जॉन मॅकफर्सन याच्यावर दावा लावला, आणि तोही निष्फळ ठरला. आम्हांला येथे प्रश्न पडतो तो नवाबाच्या मनाचा. न मागितलेल्या आहेराचे पैसे कोण खुशीने देईल?

आता पुण्याकडे वळू. चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट म्हणून आला. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला उतरला आणि मॅलेटच्या आश्रयाने पुढच्या वर्षी पुण्यास आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे त्याचे १७९२चे मोठे तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पेशवा त्या वेळी अठरा वर्षांचा. शेजारी कृश अंगाचे नाना. आपल्या पाठ्यपुस्तकांतून, कादंबर्‍यांच्या मुखपृष्ठांवरून आणि नाटकांच्या रंगभूषेतून नानांचा जो चेहरा आपल्या मनात ठसला आहे, त्याच्या मुळाशी बर्‍याच अंशी वेल्सचा कुंचला आहे. घाशीराम कोतवालाच्या नाटकावर वर्गात तावातावाने बोलणारे आम्ही, नाना ‘दिसत कसे’ हे मात्र रेसिडेंटच्या चित्रकाराकडून शिकलो.

पुढची कथा अधिक उदास आहे. १७९५च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले. त्याच वर्षअखेरीस वेल्सही मरण पावला. १७९० मध्ये टिपूविरुद्ध झालेल्या तहाचा दरबार चित्रित करण्याचे काम अखेर टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पुरे केले. डॅनियल त्या दरबारात हजर नव्हता. वेल्सच्या रेखाटनांवरून त्याने तो उभा केला. हे भव्य चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. ते पुरे झाले तेव्हा पेशवा नव्हता, नाना नव्हते (ते १८०० मध्ये वारले), आणि वसईच्या तहाने १८०२ मध्ये पेशवाईच कंपनीच्या ताटाखाली गेली होती. बरोबरीच्या स्नेहाचे म्हणून सुरू झालेले चित्र पुरे होईपर्यंत विजयाचे स्मारक झाले. चित्रातला चेहरा बदलला नाही. त्याभोवतीचे नाते बदलले.

यावरून एवढेच म्हणता येते, की व्यक्तिचित्र मागवणारा केवळ कागद आणि रंग विकत घेत नाही, समोरच्या माणसाची पुढच्या पिढ्यांसाठीची आठवणही तोच ठरवतो. शिवछत्रपतींची जुनी व्यक्तिचित्रेही मोठ्या प्रमाणात परकीयांच्या संग्रहांतूनच आपल्यापर्यंत आली. मनूचीने मीर महंमद या चितार्‍याकडून करवून घेतलेला चित्रसंग्रह पॅरिसला आहे, तर अ‍ॅमस्टरडॅमच्या विट्सेनचा दख्खनी चित्रांचा संग्रह तेथील राइक्स संग्रहालयात. ज्यांनी मागवले त्यांनी जपले. आपण मागवलेच कमी, आणि मागवले त्यातले जपले त्याहून कमी, ही खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

परंतु पुण्याच्या या प्रकरणातच एक वेगळे उदाहरणही आहे. मॅलेट आणि वेल्स यांच्यासाठी काम करणारा गंगाराम तांबट हा पुण्याचा चितारी. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने काढला, वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. त्याच्या चित्रांत एक असे आहे, की वेरूळच्या लेण्यात तो स्वतः आपल्या गुरूला वंदन करतो आहे. बाकी कामे साहेबांसाठी. या चित्रात मात्र त्याने स्वतःला आणि गुरूला स्वतःच्या नजरेने मांडले. ते येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात सुखरूप असले, तरी त्यातला भाव कोणत्याही रेसिडेंटच्या हुकुमाचा नाही.

आमच्या वादाचा निकाल या वाचनानेच लागला. आम्ही सरांना गुपचूप काही न देता सरळ विचारले. त्यांनी छायाचित्र देण्यास नकार दिला आणि चित्रकारासमोर दोन तास बसायचे कबूल केले. चित्र पूर्ण झाल्यावर ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘कान जरा मोठा झालाय. पण राहू द्या, माझाच आहे.’’

जहांगीराने बिशनदासाच्या चित्राची ग्वाही शाहाला पाहिलेल्या इतरांकडून घेतली होती. आम्हांला ती ज्याचे चित्र त्याच्याकडूनच मिळाली. भेट देणार्‍याला याहून अधिक काय हवे?