छात्राध्यापकाची चिंतनवही : पाठ संपल्यावर काय लिहायचे?

बी.एड. किंवा डी.एल.एड. करणारा छात्राध्यापक शाळेत शिकवायला जातो, तेव्हा त्याच्याकडे दोन वह्या असतात. पाठ टाचण तासाआधी लिहायचे, चिंतनवही तासानंतर. टाचणात काय ठरवले होते ते असते, चिंतनवहीत प्रत्यक्षात काय घडले आणि का घडले ते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले. शाळेतल्या अनुभवासाठी एकूण २० आठवडे ठरले, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. एवढा काळ वर्गात गेल्यावर लिहिण्यासारखे पुष्कळ साचते.

यामागचा विचार जुना आहे. अनुभव आपोआप शिकवत नाही, त्यावर विचार करावा लागतो, हे जॉन ड्यूई यांनी १९१० मध्येच मांडले. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये त्यात एक उपयोगी फरक केला : काम करता करता सुचणारा विचार वेगळा आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला वेगळा. चिंतनवही या दुसऱ्या प्रकारात बसते. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ याच जातीचे आहे. त्यातल्या शिक्षकाचे बेत पहिल्याच दिवशी फसतात आणि तो ते लपवत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात (रायगडचे कर्जत वेगळे) एका शाळेत सातवीला क्षेत्रफळ शिकवायचे आहे. चौरस मीटरचे सूत्र फळ्यावर आले आणि वर्ग गप्प. “पाठ चांगला झाला, मुलांनी प्रतिसाद दिला” ही नोंद इथे सरळ खोटी ठरेल. “मुले लक्ष देत नाहीत” हीसुद्धा अर्धवटच, कारण दोष मुलांवर ढकलून ती थांबते. कामाची नोंद अशी : “घरी मुले गुंठ्यात बोलतात, मी चौरस मीटरने सुरुवात केली. उद्या ३३ फूट बाय ३३ फुटांचा गुंठा मैदानावर आखायचा. तो सुमारे १०१ चौरस मीटर भरतो, हे त्यांनाच मोजू द्यायचे.” इथे घटना, कारण आणि उद्याचा बदल तिन्ही आले, तेही चार ओळींत. पानभर लिहिण्याची गरज नसते.

अडचण गुणांची आहे. वही तपासली जाणार म्हटल्यावर फसलेला तास कोण लिहील? मग आठवड्याच्या नोंदी एका रात्रीत उतरतात आणि सगळे पाठ ‘यशस्वी’ होतात. मार्गदर्शकाने फसलेल्या पाठाचे गुण कापले, की पुढच्या नोंदी गोड होणारच. गुण द्यायचेच तर पाठ कसा झाला यापेक्षा पुढच्या टाचणात काय बदलले याला द्यावेत.

दुसरा धोका मोबाइलचा. वहीतली नोंद समाजमाध्यमावर टाकताना विद्यार्थ्याचे नाव काढले तरी लहान गावात “वडील ऊसतोडीला गेलेला सातवीतला मुलगा” एवढ्यावरून तो ओळखू येतो. शाळेचे नाव, फोटो आणि घरची परिस्थिती एकत्र आली तर नाव लपवण्याला अर्थच उरत नाही. अशी नोंद वहीतच ठेवावी. बाहेर सांगायचाच असेल तर गुंठ्याचा प्रयोग सांगावा.